गोधडीचा कोपरा

कोपरगाव
२ मार्च १९९७

प्रिय भारती,

सप्रेम जय भीम.

तुझं कार्ड काल मिळालं. अडीच ओळी. ‘आम्ही बऱ्या आहोत. निकिता गोधडीशिवाय झोपत नाही, येणाऱ्याबरोबर पाठवून द्या. बाकी काही लिहू नका.’ निम्मं कार्ड कोरं सोडलंस. पोस्टमनने वाचलं असणारच. हातात देताना तो माझ्याकडे असा बघत होता, की मीच तुला आणि चार वर्षांच्या पोरीला घराबाहेर काढलंय.

बाकी काही लिहू नका म्हणालीस, म्हणून सगळं लिहितो.

तुझ्या आई गेल्या आणि त्यांच्या जलदान विधीला मी आलो नाही. चूक माझी. फोनवर सांगितलं, तुझ्या भावाजवळ निरोप दिला, आता लिहूनही देतो. पण त्या दिवसापासून तू माहेरी कर्जतला बसून आहेस, आणि श्रीमंत मला म्हणतो, ‘दाजी, ताई म्हणते त्यांना चपला महत्त्वाच्या.’ चपला नाहीत त्या. सपाता आहेत, खोलीत घालायच्या. आणि त्या महत्त्वाच्या का, हे एकदा तरी ऐकून घे.

आमच्या मालकांना, आबासाहेबांना, हॉटेल हिरवं करायचंय. रंगाने नव्हे. परदेशी भाविकांना शिर्डीला आणणारी एक कंपनी आहे. तिची अट अशी, की खोलीत प्लॅस्टिक, रबर, नायलॉन काही दिसता कामा नये. कुजून मातीला मिळेल असंच सगळं हवं. ते तपासायला मुंबईहून एक सल्लागार बाई येतात. पहिल्या दिवशी त्यांनी आपल्या खोल्यांतली रबरी सपात दोन बोटांत धरून उचलली आणि म्हणाल्या, “मिस्टर भीमराज, ही पाचशे वर्षं कुजणार नाही.” मी म्हणालो, “म्हणून तर घेतली, मॅडम.” आबासाहेबांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

तेव्हापासून टॉवेल, चादरी, पायपुसणी, सपाता, सगळ्याचे नमुने मीच शोधायचे. स्टोअर माझ्याकडे, खरेदी माझ्याकडे, म्हणून शिव्याही माझ्याकडे. नागापूरची कंपनी बंद पडल्यावर नऊ महिने मी घरी बसलो होतो, ते दिवस तू विसरली नसशील. शेजारणीला तू सांगायचीस, यांची रात्रपाळी असते. हे काम गेलं तर मला दुसरं कुठे मिळणार? नऊ फेब्रुवारीची मीटिंग चुकवली असती तर गेलंच असतं. विधीही नऊलाच आला, त्याला मी काय करू?

असो. गोधडी धुवायला टाकली आहे. वाळली की पाठवतो. निकिताला पापा.

तुझा,
भीमराज


कोपरगाव
१६ मार्च १९९७

प्रिय भारती,

सप्रेम जय भीम.

श्रीमंतचा हॉटेलवर फोन आला होता. “दाजी, गोधडीचं काय झालं?” मी सांगितलं, अजून ओलसर आहे. मार्च महिना चाललाय, इथे कपडा दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत वाळतो. त्याच्यामागे तू उभी होतीस हे मला कळलं. तुझं खाकरणं मी ओळखतो.

मी ताकाला जाऊन भांडं लपवतोय असं तुला वाटत असेल. वाटू दे. आधी माझ्या नाकी कसे नऊ आलेत ते वाच.

टॉवेलपासून सांगतो. बाईंनी सांगितलं, ब्लीच न केलेलं हातमागाचं सूत वापरा. नगरच्या विणकरांकडून साठ टॉवेल आणले. छान, जाड, पाणी पिणारे. रंग मात्र ताकात हळद सांडल्यासारखा. पहिल्याच दिवशी सुरतेचं एक कुटुंब खाली आलं आणि काउंटरवर सहा टॉवेल आपटून म्हणालं, मळके टॉवेल देता? मी म्हणालो, हा कापसाचा मूळ रंग आहे. ते म्हणाले, मग आम्हाला धुतलेला कापूस द्या. आता प्रत्येक खोलीत पाटी लावलीय, ‘टॉवेल स्वच्छ आहेत’. पाटी वाचून लोक जास्तच वास घेतात.

सपातांचं तर विचारू नकोस. बाईंनी आधी घायपात सुचवलं. बांधावर फुकट उगवतं, खत नको, पाणी नको. दोर वळणाऱ्या एकाकडून डझनभर जोड करून घेतले. आबासाहेबांनी स्वतः घालून हॉटेलभर फेरी मारली आणि संध्याकाळपर्यंत तळवे खाजवत बसले. मग उसाचं चिपाड. कारखान्याच्या आवारात डोंगर पडलेत त्याचे. ते दाबून पुठ्ठ्यासारखा तळ केला. कोरडा होता तोवर झकास. पाहुणा सपाता घालून बाथरूममध्ये गेला आणि अनवाणी बाहेर आला. मग घोंगडीच्या लोकरीच्या केल्या, तर खोलीत मेंढरं बांधल्यासारखा वास. चामड्याचं नावच काढायचं नाही, भाविक लोक. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत.

त्या नऊ तारखेच्या मीटिंगमध्ये हे सगळे नमुने एकामागून एक नापास झाले. शेवटी एक पसंत पडला. जुन्या सुती कापडाचे थर, त्यावर जवळजवळ घातलेला धावदोरा, खाली गोणपाट. बाईंनी गालाला लावून बघितला. आबासाहेब म्हणाले, “हेच पाहिजे. दोनशे जोड कर.” तो नमुना कुठून आला ते पुढे कधीतरी सांगेन.

मग दोनशे जोड शिवणारं माणूस शोधणं हेच काम होतं. गोदावरीच्या पलीकडच्या वाडीवर छबूबाई म्हणून एक बाई आहेत. वय साठीच्या पुढचं, गोधड्या शिवण्यात पंचक्रोशीत नाव. मी हॉटेलातल्या विरलेल्या चादरींचे गठ्ठे टेम्पोत टाकून गेलो. त्यांनी चादर हातात चोळून बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

“पायात घालायला गोधडी?” त्या म्हणाल्या. “तुमच्या हाटेलातल्या मानसांचे पाय लईच नाजूक हायेत का?”

मी म्हणालो, ते परदेशी आहेत.

“मग शिवू की. पन आमी शिवू ती आमच्या रीतीनं. मधी मधी बोलायचं न्हाई.”

मी हो म्हणालो. नाही म्हणून सांगतो कुणाला? वाडीवरच्या अकरा बायका शिवायला बसल्या आहेत. एप्रिलच्या बारा तारखेला परदेशी पाहुण्यांची पहिली बस येणार. तोवर सुटी नाही. त्यानंतर मी स्वतः कर्जतला येऊन तुम्हा दोघींना घेऊन जाईन. येशील ना? नीट उत्तर लिही, अडीच ओळींचं नको.

तुझा,
भीमराज


कोपरगाव
३० मार्च १९९७

प्रिय भारती,

या वेळी एकच ओळ. ‘धुवायला महिना लागत नाही, गोधडी कुठे आहे ते सांगा, ती आली की मी येते.’

तीन वेळा पत्र लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा टॉवेलांबद्दलच लिहीत गेलो. ते कागद फाडले. आता सरळ लिहितो.

गोधडी नाही.

नऊ फेब्रुवारीला दुपारी बारा वाजेपर्यंत सगळे नमुने नापास झाले होते. बाई जेवायला बसल्या. आबासाहेब मला बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, “दोन वाजेपर्यंत काहीतरी आण. नाहीतर उद्यापासून आला नाहीस तरी चालेल.” मी स्कूटर काढून घरी आलो. कशाला आलो ते मलाही माहीत नव्हतं. कॉटवर निकिताची गोधडी घडी करून ठेवलेली होती. आईंची बातमी आली तेव्हा तू पोरीला उचलून तशीच एसटीला पळालीस, गोधडी राहूनच गेली. मी ती हातात घेतली. मऊ, जाड, घट्ट. मला दुसरं काही दिसलंच नाही.

कारभारी टेलरकडे गेलो. त्याने कात्री हातात घेतली आणि म्हणाला, “साहेब, गोधडी हाय ही. कातरू का खरंच?” मी म्हणालो, कातर. माप म्हणून माझाच पाय दुकानातल्या फरशीवर ठेवून त्याने खडूने रेघ मारली. कोपऱ्यातली शिवण उसवली तर आतून काहीतरी काळं, वाळलेलं मशीनवर पडलं. मी त्याच्यावरच खेकसलो, बघ किती घाण साठलीय, म्हणून तर म्हणतो जुनी झाली. त्याने ते फुंकून खाली पाडलं. दोन जोड झाले. एक बाई मुंबईला घेऊन गेल्या, एक आबासाहेबांनी घरी नेला. उरलेली गोधडी भोकं पडलेली, ट्रंकेत तळाशी लपवून ठेवली आहे.

आईंचं हिरवं लुगडं होतं त्यात, आणि मामांचं धोतर. निकिता व्हायच्या आधी महिनाभर त्या आपल्याकडे बसून शिवत होत्या, मला सगळं आठवतं. दोन वाजता मी त्यांचं लुगडं टेबलावर मांडून, ‘हे बघा मॅडम, शंभर टक्के कुजणारं,’ असं म्हणत होतो, तेव्हा तिकडे त्यांच्या फोटोपुढे तुम्ही सगळे वंदना म्हणत होता. हे मला त्याच दिवशी संध्याकाळी कळलं. सांगायची हिंमत झाली नाही.

मला लाज वाटते. यापेक्षा चांगलं वाक्य मला येत नाही.

भीमराज


कोपरगाव
१५ एप्रिल १९९७

प्रिय भारती,

सप्रेम जय भीम.

पंधरा दिवस झाले, तुझं अक्षर नाही. श्रीमंतला फोन केला तर तो म्हणाला, “दाजी, ताईनं पत्र वाचलं आनि घडी घालून ठिवलं. मी काय विचारनार?” शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. मला उत्तर देता आलं असतं.

काल जयंतीला एकटाच गेलो. पांढरा शर्ट घातला, तू दरवर्षी नीळ घालून ठेवतेस तोच. यंदा नीळ घालायला गेलो आणि जागोजागी निळे डाग पडले. विहारात प्रत्येकाने विचारलं, मिसेस कुठे आहेत. मी सांगितलं, माहेरी दुःख झालंय. खरं होतं ते, म्हणून सांगताना रुमाल काढून नाक पुसलं, आणि लोकांना वाटलं मी केवढा हळवा जावई.

आता हॉटेलचं ऐक. ऐकायचं नसलं तरी मला कुणाला तरी सांगायलाच हवं.

सपाता मार्चअखेरच झाल्या. इतक्या सुरेख, की मी प्रत्येक नग हातात घेऊन बघितला. आबासाहेब म्हणाले, पाहुणे येईपर्यंत एकही बाहेर काढायची नाही, कोरं ते कोरंच दिसलं पाहिजे. मी पोती भरली, स्टोअरमध्ये रचली, कुलूप लावलं, किल्ली खिशात. बारा तारखेला सकाळी बस यायच्या तासभर आधी आम्ही तिघांनी स्टोअर उघडलं. आबासाहेब, बाई आणि मी.

उंदरांनी सगळ्या सपातांची पुढची टोकं कुरतडली होती. बरोबर अंगठ्याच्या जागी. बाकी कुठे दात लावलेला नाही, नेमकं तेवढंच. आणि भिंतीतून पोत्यांपर्यंत मुंग्यांची रांग, दिंडीसारखी शिस्तीत. दोनशे जोडांत एक धड नाही. बाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, “हे नक्की कसलं मटेरियल आहे?” मी मनात म्हणालो, सेंद्रिय आहे मॅडम, खात्री करून घ्यायला एवढे जण आलेत.

पाहुणे अनवाणी राहिले. त्यांना वाटलं, तीर्थाच्या ठिकाणी अशीच पद्धत असेल, खूश झाले बिचारे. आबासाहेब मात्र खूश झाले नाहीत. म्हणाले, त्या बायकांनी गठ्ठ्यांत काय कालवलं ते शोधून काढ, आणि दोनशे जोड नव्याने उभे कर, महिन्याची मुदत. मी एक सपात उसवून बघितली. टोकात वाळलेल्या भाकरीचा कपटा. दुसरी उसवली, तिच्यातही. दहा उसवल्या, दहांत भाकरी. चारशे सपातांत चारशे भाकरीचे तुकडे, भारती. शिवता शिवता जेवत होत्या की काय या बायका?

उद्या वाडीवर जातो. आज गेलो तर तोंडून काहीतरी वेडंवाकडं जाईल.

तुझा,
भीमराज


कोपरगाव
२० एप्रिल १९९७

भारती,

हे पत्र फाडण्याआधी शेवटपर्यंत वाच.

वाडीवर गेलो ते भांडायच्या तयारीनेच. छबूबाई ओसरीवर शेंगा फोडत होत्या. मी कुरतडलेली सपात आणि भाकरीचा कपटा त्यांच्यापुढे ठेवला आणि विचारलं, हा काय प्रकार आहे?

“घास हाय तो,” त्या म्हणाल्या, मी ‘सूर्य कुठे उगवतो’ असं विचारल्यासारखं.

“कसला घास?”

“गोधडीला घास भरवत्यात की. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी. तुमच्या घरी शिवत न्हवत्या का गोधड्या?”

“ही गोधडी नाही, सपात आहे.”

“थर हाय, धावदोरा हाय, जुनेर हाय. मंग गोधडीच न्हवं का? पायातली असंल. तिला काय उपाशी ठिवायचं? उपाशी गोधडीत ऊब ऱ्हात न्हाई.”

मी चिडून म्हणालो, छबूबाई, ही अंधश्रद्धा आहे, आम्ही असलं काही मानत नाही. त्यांनी शेंगा बाजूला सारल्या.

“न्हाई मानत तर ऱ्हायलं. देवाचं न्हाईच हे, बाईचं हाय. जी शिवती तिनं आपल्या हातची भाकरी घालायची. म्हंजी पांघरनाराला पोटभर अन्न मिळंल. नातवंडाच्या गोधडीला तर आजी पहिल्या भाकरीचा घास काढून ठिवती, कुनी खायच्या आधी.”

“मग घरातल्या गोधड्या उंदीर का खात नाहीत?”

“तिच्यात मानूस झोपतंय. ऊन लागतं, धुनं हुतं. तुमी कोंडून ठिवल्या. वापरायला केलेलं कुलपात ठिवलं तर उंदीरच वापरनार.”

इथपर्यंत मी वाद घालत होतो. मग एकदम मला कारभारीचं मशीन दिसलं.

ते काळं, वाळलेलं, कोपऱ्यातून पडलेलं. मी ज्याला घाण म्हणालो ते.

मी विचारलं, तुकडा चार वर्षांनी काळा पडतो का? त्या म्हणाल्या, पडतो, पन असतो. मी ओसरीच्या पायरीवर बसलो. मला बघून त्यांनी पाणी आणायला सांगितलं. त्यांना वाटलं ऊन लागलं.

आईंनी ती गोधडी पूर्ण केली त्या दिवशी मी घरी होतो. तू बाळंतपणासाठी अवघडलेली, त्या चुलीपुढे. त्यांनी तव्यावरची पहिली भाकरी खाली काढली, तिचा इवलासा तुकडा मोडला आणि लुगड्याच्या शेवात धरला. मी म्हणालो होतो, आई, पहिली भाकरी मला वाढायची असते जावयाला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “तुमच्या आधी एक जन हाय.” मला वाटलं, त्या पोटातल्या बाळाबद्दल बोलतायत. त्या गोधडीबद्दल बोलत होत्या.

त्यांच्या हातची शेवटची भाकरी मी फुंकून घालवली, भारती. आणि वर कारभारीवर ओरडलो. तुला हे माहीत असेल. तू त्या कोपऱ्यावर बोट फिरवून निकिताला झोपवायचीस, मी कितीदा बघितलंय. ‘इथं आजी हाय,’ असं म्हणायचीस तिला. मला वाटायचं, गाणं आहे काहीतरी.

आता तू ये म्हणून लिहीत नाही. तोंड नाही मला.

भीमराज


कोपरगाव
१८ मे १९९७

प्रिय भारती,

सप्रेम जय भीम.

हे पत्र माझ्या आधी पोचावं म्हणून आजच टाकतोय. पोस्टाचा भरवसा नाही, पण माझा तरी कुठे आहे.

आधी हॉटेलचं उरकतो. छबूबाई म्हणाल्या, बिनघासाची एक शिवून देणार नाही, दुसरी बाई बघा. दुसरी बाई बघितली. ती म्हणाली, छबूमावशी जे म्हनंल ते. आबासाहेब म्हणाले, भाकरी घातली तर तुला घालीन उंदरांपुढे. आठवडाभर या दोघांमध्ये माझा फुटबॉल झाला. शेवटी वाडीवरच्या बायकांनीच तोड काढली. अंगावर घ्यायच्या पांघरुणाला खरा घास लागतो, पायातल्याला नुसता दाखवला तरी चालतो. दाखवायचा आणि शिवणारणीने खायचा. म्हणजे हॉटेलच्या स्वयंपाकघरातून रोज दुपारी अकरा बायकांना भाकरी आणि पिठलं जायला लागलं. आबासाहेब म्हणतात, हे मटेरियल जगात सगळ्यात महाग आहे. पण सपाता बिनभाकरीच्या आहेत आणि आता कुलपात ठेवत नाही, झाल्या की लगेच खोलीत. वापरायच्या आणि धुवायच्या.

आता दुसरं.

ट्रंकेतली गोधडी बाहेर काढली. मग आबासाहेबांच्या घरी गेलो. ते झोपाळ्यावर बसले होते आणि पायात त्याच सपाता. मी म्हणालो, या मला परत पाहिजेत. ते म्हणाले, नवीन जोड ने की. मी म्हणालो, नाही, याच. मग सगळं सांगावं लागलं. ते आपल्या पायांकडे बघत राहिले. पाय झोपाळ्यावर घेतले, हाताने एकेक सपात काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “भीमराज, आधी सांगायचं रे. तुझ्या सासूबाईंच्या लुगड्यावर पाय देऊन तीन महिने फिरतोय मी.” आणि अनवाणी आत गेले. मी त्यांना दगड समजत होतो.

मुंबईला बाईंना फोन केला. त्यांनी एक सपात कुरियरने पाठवली. दुसरी कुठल्यातरी प्रदर्शनात मांडायला दिली होती, तिथून परत आलीच नाही. चार ठिकाणी फोन केले, चारही जण म्हणतात दुसऱ्याकडे असेल. ती गेली.

मग रोज कामावरून सुटलो की वाडीवर. छबूबाईंना म्हणालो, जोडून द्या. त्या म्हणाल्या, “कातरली कुनी?” आणि सुई माझ्या हातात दिली. भारती, मी बी.कॉम. झालेला माणूस, अकरा बायकांच्या देखत जमिनीवर मांडी घालून धावदोरा घालतो. दोन जणी तोंडाला पदर लावून हसतात. बोटांना भोकं पडली आहेत. माझा टाका लांब पडतो म्हणून छबूबाईंनी तीन वेळा सगळं उसवायला लावलं. गोणपाट काढलं, तुकडे धुतले, उन्हात टाकले, एकेक जागेवर बसवला. शिवण वाकडीतिकडी आहे. निकिता हसेल.

जो तुकडा परत आला नाही, त्याच्या जागी भोक राहिलं, माझ्या पायाच्या मापाचं. तिथे माझा जयंतीचा पांढरा शर्ट कापून लावला, निळ्या डागांसकट. गोधडीच्या मधोमध पांढरं पाऊल उमटल्यासारखं दिसतं. किती झाकायचं म्हटलं तरी झाकत नाही. निकिताने विचारलं तर सांग, तुझ्या बाबाचा पाय आहे, नको तिथे पडलेला.

काल शेवटचा कोपरा राहिला. मी घरून भाकरी करून नेली होती. तवा, पीठ, पाणी, सगळं करून. तीन भाकऱ्या चुलीतच गेल्या, चौथी नकाशासारखी झाली. तिचा तुकडा कोपऱ्यात ठेवायला गेलो तर छबूबाईंनी माझा हात धरला.

“तुमचा न्हाई चालायचा,” त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, मग तुमच्या हातचा द्या.

“माझी हाय का ती? जिच्या आईची, तिनं भरवावा. तवर कोपरा तसाच ऱ्हाऊ द्या.”

म्हणून कोपरा उघडा आहे. सुई दोऱ्यासकट तिथेच टोचून ठेवली आहे.

गुरुवारी वैशाख पौर्णिमा. पहाटेच्या गाडीने निघतो, नगरला बदलून दुपारपर्यंत कर्जतला पोचेन. गोधडी बरोबर आणतोय, कुणाबरोबर पाठवत नाही. तुम्हा दोघींना घ्यायला आलोय असंही म्हणणार नाही. तू लिहिलं होतंस, ती आली की मी येते. ती आता तीच राहिली नाही, हे मला कळतं, म्हणून त्या शब्दाला तुला धरून ठेवत नाही. दारात उभा राहीन. श्रीमंतने आत बोलावलं नाही तर ओट्यावर बसेन, आणि संध्याकाळच्या गाडीने परत जाईन.

फक्त एवढं कर. त्या दिवशी चुलीवर पहिली भाकरी टाकशील, तिचा तुकडा बाजूला काढून ठेव. मला वाढलं नाहीस तरी चालेल, तिला उपाशी ठेवू नकोस.

तुझा,
भीमराज